जुनी काळी सायकल, मागे-पुढे पोरं: सांगलीत ओव्हरऑइलिंग करून घेण्याआधी

आधी निकाल. २२ किंवा २४ इंची फ्रेमची, २८ × १½ टायरची, सळईच्या ब्रेकची जुनी काळी सायकल पोरांना शाळेत सोडायला आजही उत्तम आहे. पण माळ्यावरून जशी उतरते तशी नाही. आणि सांगली-मिरजेच्या बहुतेक दुकानांत ‘ओव्हरऑइलिंग’ (सायकल उघडून धुणं आणि ग्रीस भरणं) म्हणून जे करून मिळतं, तेवढ्यानंही भागत नाही. त्या कामानं सायकल पायाला हलकी होते, दिसायला नवी होते. थांबायला ती आधीसारखीच राहते, आणि मागे बसणाऱ्या पोराची टाच तारांपासून आधी जेवढी जवळ होती तेवढीच नंतरही असते. म्हणून पैसे रंगावर घालवायच्या आधी ब्रेक, मागचं चाक आणि पोरांच्या पायांचा बंदोबस्त या तीन गोष्टींवर घाला.

या सायकलीची बांधणीच ओझ्यासाठी आहे. दोन चाकांतलं अंतर लांब, हँडल उंच, बसणं ताठ. त्यामुळे मागे पोर हललं की हाताला लगेच कळतं आणि सावरायला वेळ मिळतो. मागच्या चाकाला ४० तारा आणि पुढच्याला ३२, म्हणजे वजन कुठे येणार हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं आहे. सायकलीचं स्वतःचं वजन २० किलोच्या आसपास भरतं. गावभागातून विश्रामबाग, पुढे मिरज अशा सपाट रस्त्यावर त्याचा जाच होत नाही.

सुट्या भागांची चिंता तर अजिबात नको. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी अ‍ॅटलसचे कोन (एक्सलवर आवळायचे निमुळते नट), छर्रे (त्यांवर फिरणाऱ्या लोखंडी गोळ्या), कॉटर (क्रँकची पिन), चेन हीरो किंवा हर्क्युलिसच्या मापाचेच आहेत. अपवाद जुन्या रॅलेचा. इंग्लंडात बनलेल्या रॅलेच्या बी.बी.च्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलांचा एक्सल जिथे फिरतो ती जागा) कपांना इंचाला २६ आटे असतात, बाकीच्यांना २४. असली सायकल हाती आली तर तिचे कप फेकू नका आणि दुसरे कप जबरदस्तीनं पिळू नका, आटे गेले की फ्रेम गेली.

जुनी सायकल सांगलीत घेताना पहिला प्रश्न एकच: २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती पाण्याखाली होती का? विकणारा नाही म्हणाला तरी सीटची दांडी काढा, फ्रेम उलटी धरा आणि नळीवर लाकडाच्या तुकड्यानं ठोका. पिठासारखी बारीक, करडी माती पडली तर उत्तर मिळालं. हा गाळ हबमध्ये आणि बी.बी.त शिरून ग्रीसमध्ये मिसळतो आणि पॉलिश पेपरसारखा कोन-कप खातो. तसल्या सायकलीचे सगळे छर्रे-कोन बदलायचेच, धुऊन परत घालायचे नाहीत.

गाळापेक्षा वाईट म्हणजे आतून लागलेला गंज. बाहेरचा रंग शाबूत असतो आणि नळी आतून पापडासारखी झालेली असते. बी.बी. शेलचं पोट आणि तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांचा सांधा, इथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक जोरानं दाबा. टोक रुतलं तर ती फ्रेम पोरांसाठी नाही. वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. नळी पातळ असते, वेल्डिंगच्या शेजारीच ती पुन्हा तुटते. टोक रुतलं नाही तर नळ्या आतून कोरड्या करून थोडं इंजिन ऑइल सोडायचं, फ्रेम सगळीकडून फिरवायची आणि रात्रभर निथळत ठेवायची.

पुढचा चिमटाही, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, बाजूनं बघा. हँडलखालच्या सांध्याच्या मागे, वरच्या आणि तिरक्या नळीच्या पोटाला रंगाच्या आडव्या सुरकुत्या दिसल्या तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. नुसता चिमटा वाकला असेल तर नवा मिळतो. सुरकुती नळीवर असेल तर घेऊ नका.

आता दुकानातल्या कामाबद्दल. आपल्याकडच्या ओव्हरऑइलिंगमध्ये दोन्ही चाकं, बी.बी. आणि हँडलचे कप उघडणं, रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुणं, ग्रीस भरणं, चाकांचा आउट काढणं (तारा आवळून वाकडं फिरणारं चाक सरळ करणं) आणि चेनला ऑइल एवढं येतं. कारागिरांचा हात बसलेला आहे, आउट तर ते नजरेनं काढतात आणि छान काढतात. घसरण होते ती तीन ठिकाणी. नव्या कोनावर जुनेच छर्रे घालतात. कोन गच्च आवळतात, कारण डुगडुगणारं चाक गिऱ्हाईक परत आणतं आणि जड चाक परत आणत नाही. आणि ऑइलचा हात रिमला, ब्रेकच्या रबराला लागतो.

त्यामुळे सायकल टाकताना स्पष्ट सांगा की छर्रे सगळे नवे हवेत. हिशेब पाठ असू द्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग): पुढच्या हबला दीड सुती छर्रे एका बाजूला १०, मागच्या हबला दोन सुती एका बाजूला ९, बी.बी.ला दोन सुती एका बाजूला ११. कप पूर्ण भरला की एक छर्रा काढायचा, बाकीच्यांना फिरायला जागा राहते. छर्रे दाटीनं बसवले की एकमेकांना घासतात आणि दोन-तीन महिन्यांत किरकिर सुरू होते. परत घेताना चाक उचलून हलकेच सोडा. व्हॉल्व आपल्या वजनानं खाली येऊन, दोन-चार झोके घेऊन थांबला पाहिजे. आहे तिथेच थांबला तर कोन घट्ट आहे. रिम धरून आडवी हलवल्यावर खडखडली तर सैल.

मागचा एक्सल काढलेला असतानाच काचेवर लोळवून बघा. वर्षानुवर्षं डबल सीट वाहिलेल्या सायकलीचा एक्सल वाकलेला असण्याची शक्यता मोठी, आणि वाकलेल्या एक्सलवर कोन कितीही जुळवला तरी चाक एका जागी घट्ट आणि एका जागी सैल लागतं.

कॉटरवर थोडं थांबू, कारण या सायकलीत सगळ्यात जास्त नासधूस इथेच होते. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलला धरून ठेवणारी ही करंगळीएवढी पिन. एक बाजू तिरकी घासलेली. काढताना नट पूर्ण काढायचा नाही, पिनच्या टोकाबरोबर येईल एवढाच सैल करायचा, म्हणजे आटे फुटत नाहीत. क्रँकच्या खाली पिनच्या भोवती बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवायचा. मग किलोभराच्या हातोडीचा एकच भारी घाव. टेकू न देता हलके हलके पंधरा घाव घातले की पिन तिथेच फुगून बसते आणि प्रत्येक घाव बी.बी.च्या छर्‍यांतून कपावर खड्डा पाडतो. नवी पिन बसवताना दोन्ही क्रँक सरळ रेषेत धरल्यावर एकीचा नट वर आणि दुसरीचा खाली आला पाहिजे. दोन्ही एकाच बाजूला आले तर पायडलं समोरासमोर राहत नाहीत, पाय लंगडल्यासारखा पडतो. पिनची तिरकी बाजू कानशीनं घासून एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकेल अशी करायची. बाजारातली पिन जशीच्या तशी क्वचितच बसते. पिन स्वस्त असते, एक्सल नाही. म्हणून ३० किलोमीटर चालवल्यावर पिनवर एक हलका ठोका देऊन नट परत आवळायचाच. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ असा आवाज आला तर त्याच दिवशी दुकान गाठा. सैल पिनवर चाललेली सायकल एक्सलची खाच खाते.

बी.बी. उघडणाऱ्या नवख्यांसाठी: चेनकडच्या कपाचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं सुटतो. डाव्या पायडलचंही तसंच.

मागच्या चाकाच्या तारा निपलपाशी (तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटापाशी) गंजलेल्या असतील तर एकेक बदलत बसू नका, ४० च्या ४० नव्या घाला. एक तुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो आणि महिन्याभरात त्या जातात. तुटतात त्या बहुतेक फ्रीव्हीलच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्राच्या, बाजूच्या. लांबीसाठी जुन्या तारेचा नमुना दुकानात न्या. जाडी मात्र हबच्या भोकात बसेल तेवढीच: १४ नंबर म्हणजे २ मिमी, १३ नंबर म्हणजे २.३. मालवाहू सायकलीच्या २.६ मिमीच्या १२ नंबरसाठी हबची भोकं मोठी करून घेऊ नका, हबची कड त्यानं कमजोर होते. नव्या तारांचं चाक पहिल्या ५० किलोमीटरमध्ये ढिलं पडतं. तेव्हा दुसऱ्यांदा आउट काढून घ्यायचं कबूल करूनच पैसे द्या.

टायर घेताना फक्त ‘२८’ म्हणू नका. २८ × १½ च्या टायरची तार रिमवर ६३५ मिमीला बसते. नव्या गिअरच्या सायकलींचा ७०० सी टायर ६२२ मिमीचा, त्यालाही कुणी २८ म्हणतं, आणि तो या रिमवर कधीच चढणार नाही. टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो तो वाचा. मागे पोर बसवल्यावर टायर रिमपर्यंत दबता कामा नये. दबला तर पंक्चर नंतर, आधी रिम वाकते. व्हॉल्वची रबरी नळी उन्हानं चिरते आणि हवा रात्रीतून उतरते. पंक्चर शोधत बसण्याआधी ती बदला.

आता ब्रेक. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या, हबकडच्या अंगाला रबर दाबतो. रचना मजबूत आहे, आपल्याकडे फक्त तिची निगा कुणी राखत नाही. जुनं रबर दगड झालेलं असतं. नख रुतत नसेल तर चारही बदला. रबराच्या होल्डरची एक बाजू बंद आणि एक उघडी असते. चाक ज्या दिशेला फिरतं त्या अंगाला बंद बाजू आली पाहिजे. उलटं बसलं तर जोरात ब्रेक दाबल्यावर रबर होल्डरमधून सरकून बाहेर पडतं, नेमकं ज्या क्षणी हवं त्या क्षणी. चुकीचं बसवलेलं रबर दिसायला बरोबरच दिसतं, म्हणून हे स्वतः वाकून बघा.

रबर आणि रिम यांत २ ते ३ मिमी फट, आणि दोन्ही बाजूंची रबरं एकदम टेकली पाहिजेत. एक आधी टेकलं तर ब्रेकची कमान वाकडी आहे. ती हातानं सरळ होते. कमानीची टोकं चिमट्याला धरणाऱ्या दोन छोट्या क्लिपा शाबूत आहेत ना हे बघा. एक जरी नसली तरी कमान तारांत ओढली जाऊ शकते, आणि पुढचं चाक जाम होणं म्हणजे काय हे पुढे पोर बसलेलं असताना कुणी अनुभवू नये. सळयांच्या सांध्यांतल्या बुश झिजून लांबट झाल्या असतील तर ब्रेक अर्धा हवेतच जातो. बाजारात बुश मिळाली नाही तर लेथवर करून घ्या. हा जिल्हा त्या बाबतीत सुखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं, आणि १९१० मध्ये त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत पाव इंची बुश वळवून देणारा हात शोधायला लागत नाही.

सळईचा ब्रेक नको, कॅलिपर (रिमला दोन्ही कडांनी चिमटणारा ब्रेक) लावा, असा सल्ला दुकानात हमखास मिळतो. रिम न बदलता तो मानू नका. या रिमला वेस्टवूड म्हणतात, तिच्या कडा गोल असतात आणि कॅलिपरच्या रबराला टेकायला सपाट बाजूच नसते. कॅलिपर हवा असेल तर सपाट बाजूची २८ × १½ रिम घेऊन चाक नव्यानं बांधा. पोरं रोज न्यायची असतील तर हा खर्च पुढच्या चाकापुरता तरी करण्यासारखा आहे.

ब्रेक कोणताही असो, क्रोमच्या लोखंडी रिमला पावसात पकड कमी. आषाढ-श्रावणात थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका टेकवून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं, मग दाबायचं. पोर बसवण्याआधी कॅरिअरवर २५ किलो तांदळाची बॅग करकचून बांधा, मोकळ्या रस्त्यावर नेहमीच्या वेगानं या आणि थांबून बघा. ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल तर काम अपुरं आहे. बॅगेसकट दोन वळणं घ्या. मागचा भाग डोलला तर कॅरिअर किंवा एक्सलचा नट सैल आहे.

पोर कुठे बसवायचं हे फ्रेमवर ठरतं. दांडीच्या फ्रेमवर पुढे छोटी सीट बसते. स्वतःच्या बळावर नीट बसणाऱ्या बाळापासून साधारण १५ किलोपर्यंत ती ठीक. इथे एक धोका आहे तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो: सळईच्या ब्रेकच्या मुठींच्या दांड्या हँडलखालून मधल्या भागापर्यंत आलेल्या असतात. पुढे बसलेलं पोर हँडल धरतं म्हणजे खरं तर ब्रेकची दांडी धरतं. तुम्ही ब्रेक दाबला की बोट सापडतं, त्यानं ओढली की ब्रेक लागतो. पोराला धरायला सीटच्याच पुढच्या नळीला वेगळी आडवी मूठ लावून घ्या, हँडलला हात लागू द्यायचा नाही.

मागे तसाच धोका तुमच्या सीटच्या स्प्रिंगांचा. तुम्ही बसलात की स्प्रिंग दबतात, खड्ड्यात आणखी दबतात, आणि मागच्या पोराला धरायला तीच जागा सोयीची वाटते. जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा स्प्रिंगांभोवती गुंडाळून शिवून टाका. काम दहा मिनिटांचं.

मागच्या पट्ट्याच्या सीटला साधारण २२ किलोची मर्यादा असते. नेहमीचा पातळ सळईचा कॅरिअर त्यासाठी नाही. दूधवाले वापरायचे तसला जाड सळईचा, दोन्ही बाजूंना दोन-दोन पाय असलेला घ्या किंवा करून घ्या. पाय एक्सलवर बसवायचे, फ्रेमला वेल्डिंग करायचं नाही. नळीवर आवळायची सीट घेणार असाल तर सायकल दुकानात घेऊन जा; मागच्या ब्रेकची सळई आणि चेनकव्हर बऱ्याचदा तिच्या क्लॅम्पच्या आड येतात.

टाचेसाठी दोन गोष्टी एकदम हव्यात: पाय टेकायला पायरी आणि चाकाला जाळी. पोर झोपेला आलं की पाय लोंबतात आणि आत वळतात. चप्पल तारांत जाते, मागोमाग टाच. या जखमेत टाचेमागची कातडी सोलून निघते आणि भरायला आठवडे लागतात. कॅरिअरच्या पायांपासून मडगार्डपर्यंत दोन्ही बाजूंना प्लास्टिकची जाळी किंवा पत्रा बसवा. पोराचं बोट जाणार नाही इतकी जाळी बारीक हवी. साडीचा पदर, ओढणी यांचीही त्यातच सोय होते. आणि डोक्याला मापाचं हेल्मेट, मागे-पुढे दोघांनाही.

दांडीच्या सायकलीवर मागे सीट असली की चढताना पाय मागून फिरवता येत नाही, लाथ पोराला लागते. पुढेही सीट असेल तर दांडीवरून पाय काढणंही अवघड. आई-बाबा दोघंही वापरणार असतील तर २२ इंची लेडीज फ्रेम घ्या. ती ओझ्याखाली थोडी जास्त लवते, म्हणून तिच्यावर मागे एकच पोर. दोन पोरं असतील तर दांडीचीच, आणि चढण्याचा क्रम पक्का करा: सायकल डबल स्टँडवर, आधी तुमचा एक हात हँडलवर, मग मागचं पोर, मग पुढचं. उतरताना उलट, पुढचं आधी. साइड स्टँडवर पोर कधीच बसवायचं नाही. डबल स्टँडवरही हँडल गर्रकन वळतं आणि सायकल कलंडते, म्हणून हात सोडायचा नाही.

गिअरबद्दल थोडक्यात. पुढे ४४ आणि मागे १८ दात असले की पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सांगलीत हे चालतं, उड्डाणपुलाच्या चढाला तेवढं उतरून ढकला. साताऱ्यात नाही चालत. तिथे २२ दातांचा फ्रीव्हील घाला, फेरीला साडेचार मीटर पडतात आणि गुडघे वाचतात. चेन मात्र थोडी लांब घ्यावी लागेल. चेन जुनीच ठेवणार असाल तर २४ सांधे मोजा. नव्या चेनमध्ये ते १२ इंच भरतात, १२ इंच १ सूत भरले तर बदला. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला.

रंग शेवटी. मूळ रंग आणि सोनेरी पट्टे तग धरून असतील तर नुसतं मेण लावा. पावडर कोटिंगला देणार असाल तर बी.बी.चे आणि हँडलचे सगळे कप आधी काढून आटे झाकायला सांगा, नाहीतर परत बसवताना ते कापून निघतात.

पहिल्या महिन्यात दर रविवारी कॉटरचे नट, कॅरिअरचे चार बोल्ट, मागच्या एक्सलचे नट आणि ब्रेकच्या सळयांचे स्क्रू पान्यानं तपासा. पुढे महिन्यातून एकदा पुरे. पावसाळ्याआधी हब एकदा उघडून ग्रीस बघा. पांढरट, साबणासारखं झालं असेल तर आत पाणी गेलेलं आहे, त्याच दिवशी धुऊन नवं भरा.